नाव द्यायचा नंबर

हिंगणधऱ्यात दाराला कुलूप लावायची पद्धत नव्हती. कोणी कुलूप घेतलंच, तर सायकलला लावायला, आणि तेही सायकल सेलूच्या बाजारात नेली तरच. बायका ओट्यावर कापसाची गंजी उघडी टाकून खुशाल वेचणीला जायच्या. फार झालं तर एखादी शेळी तोंड घालायची. मारामारी व्हायची ती पोळ्याला, कोणाचा बैल तोरणाखाली पुढं गेला यावरून, आणि ज्यांनी एकमेकांचे सदरे फाडले तेच संध्याकाळी एका पत्रावळीवर बसलेले दिसायचे. असं हे साधंभोळं गाव. पण ठाण्याच्या भिंतीवरच्या नकाशात सगळ्यात जास्त लाल टाचण्या टोचलेल्या होत्या त्या या हिंगणधऱ्यावर. दुरून पाहिलं तर वाटावं, गावाला गोवर निघाला.

त्याचं असं झालं होतं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. बंदी आहे म्हटल्यावर केसेस पाहिजेत. केसेस नसल्या तर वरचे साहेब म्हणणार, ठाणं झोपा काढतं. म्हणून महिना सरत आला की जमादार बापूराव आपली फटफटी घेऊन गावात यायचे. पोलीस पाटील अण्णाजींच्या ओट्यावर बसायचे, टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "पाटील, एक नाव द्या बा." शेजारणीनं वाटीभर विरजण मागावं ना, तसं.

नाल्यापलीकडं सीताबाईची मोहाची भट्टी होती. बापूरावांना माहीत होतं, अण्णाजींना माहीत होतं, तिच्या कोंबड्यांनाही माहीत होतं. पण दर खेपेला सीताबाईलाच धरलं तर भट्टी बंद पडायची, आणि भट्टी बंद पडली तर पुढच्या महिन्याची केस कुठून आणायची? मग गावानं तोड काढली. गावची गुरं राखायला जसा घराघराचा नंबर लागतो, तसाच नाव द्यायचाही नंबर. ज्याचा नंबर असेल त्यानं ठाण्यात जायचं, सीताबाईच्या शिशा आपल्या म्हणायच्या, सही करायची, बापूरावांनी मागवलेला चहा प्यायचा आणि एसटीनं परत यायचं. पुढं कोर्टात दंड झाला तर तो सीताबाई भरायची. कोणाचं काही बिघडत नव्हतं. निदान सगळे तसं समजून होते.

त्या उन्हाळ्यात नंबर आला किसनरावांच्या घराचा. किसनराव वखरावर होते आणि बैलजोडी होती दुसऱ्याची, संध्याकाळी परत करायची.

"श्रावण, तू जाऊन ये बेटा," ते म्हणाले. "मी गेलतो मागं. काई नाई रायत तथी. सही घेते अन् सोडते."

श्रावण गेला. चक्कीवर दळण न्यावं तसा गेला. त्याच्या धाकट्या बहिणीनं, अपेक्षानं, जाता जाता त्याला सेलूहून कंपासपेटी आणायला सांगितली. तो ठाण्यात सही करून आला आणि पेटीही घेऊन आला. वरून म्हणाला, "चहात साखर लय होती."

मग पावसाळा गेला, कापूस फुटला, आणि श्रावण पोलीस भरतीत निघाला.

निघाला म्हणजे कसा निघाला. पळण्यात पुढं, उडीत पुढं, छाती फुगवली तर टेप कमी पडावा. गावातला पहिला पोरगा जो सरकारी कपडे घालणार होता. अपेक्षा तेव्हा दहावीत होती. नुकतंच तिनं तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस घेतलं होतं, आणि तेव्हापासून ती घरात साधं पाणी मागायचं तरी हात वर करून मागायची. तिनं वर्गात सांगून टाकलं, माझा भाऊ पोलीस झाला. मास्तरांनीही टाळ्या वाजवायला लावल्या.

बापूराव आले ते या टाळ्यांनंतर थोड्याच दिवसांनी. आणि आले ते सरळ वावरात. जमादार कधी वावरात येत नसत, म्हणून श्रावणच्या आईचा, आनंदाबाईंचा, वेचता हात पहिल्यांदा थांबला. कमरेला कापसाची ओटी बांधलेली, पोट पुढं आल्यासारखं दिसत होतं. बोंडांच्या टोकांनी बोटं ओरखडलेली. त्यांनी ती पदरानं झाकली.

"या ना जमादार, पानी पेता का?" किसनराव म्हणाले.

"पानी राहू द्या." बापूराव वावराच्या धुऱ्यावर बसले नाहीत, उभेच राहिले. "पोट्ट्याचा भरतीचा कागद आला ठाण्यात. चाल-चलन कशी हाय, ते लिहून मागते."

"मंग लिहा चांगलं."

"लिहू कसं? केस हाय ना त्याच्यावर."

किसनराव हसले. खरंच हसले, तंबाखूचे दात दिसेपर्यंत. "ते तं नंबराची होती. तुमीच तं नेलतं."

"मीच नेलतं."

"मंग तुमीच लिहा, की नंबराची होती."

"कागदावर नंबर नाई लिहिता येत, किसनराव. कागदावर दारू लिहेल हाय. श्रावण किसनराव, हातभट्टीच्या शिशांसकट. खाली सही."

वाऱ्यानं कापसाची पऱ्हाटी खळखळ वाजली. श्रावण दोन ओळी पलीकडं वेचत होता. तो वर पाहीना. बोंडातून कापूस ओढायच्या ऐवजी तो बोंडंच तोडून ओटीत टाकत होता, अपेक्षाला तेवढं दिसलं.

"मिटवून टाका ना वो," आनंदाबाई म्हणाल्या.

"जुने साहेब असते तं मिटवलं असतं मी. नवा ठाणेदार आला. लय शिकेल मानूस हाय. मानूस गुन्हा काऊन करते, याच्यावरचे पुस्तकं वाचते तो जेवताना." बापूरावांनी टोपी काढून परत घातली. "कोर्टात अजून गेली नाई केस, एवढंच बरं हाय. तुमी या एकदा साहेबापाशी. अन् माह्यं नाव नका सांगजा, की मी वावरात आलतो."

ठाण्यात कोण जाणार यावर घरात फार बोलणं झालं नाही. "अपेक्षाले नेतो," किसनराव म्हणाले. "तिले शाळंतलं बोलता येते."

अपेक्षानं शाळेचा निळा गणवेश घातला, वेण्या वर बांधल्या आणि एसटीत बसल्या बसल्या मनात भाषण तयार केलं. आदरणीय साहेब, इथपासून. पण ठाण्याच्या व्हरांड्यात त्यांना जमिनीवर बसायला सांगितलं आणि समोरच्या बाकावर एक कुत्रं झोपलेलं होतं, त्याला कोणी उठवलं नाही. किसनरावांनी चपला काढून हातात धरल्या. हातात का धरल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ऊन व्हरांड्यात येऊन गेलं, तोपर्यंत भाषणातलं आदरणीय तेवढं उरलं होतं.

ठाणेदार तरुण होते. दाढी गुळगुळीत, आवाज मऊ. रागावले असते तर बरं वाटलं असतं, असा मऊ. त्यांच्या पाठीमागं तो नकाशा.

"हिंगणधरा," ते म्हणाले. "या, मला तुम्हाला भेटायचंच होतं. मी इथं आलो तेव्हापासून या गावाचा विचार करतोय. पाण्याचं गाव आहे, शाळा आहे, प्रत्येकाला थोडीफार जमीन आहे. आणि जवळजवळ प्रत्येक घरात एक गुन्हेगार. का असेल?"

किसनराव चपलांकडं पाहत राहिले.

"जुनी माणसं म्हणत, रक्तात असतं. मला ते पटत नाही. काही म्हणतात, गरिबी. पण तुमच्यापेक्षा गरीब गावं माझ्याकडं आहेत, तिथं एक टाचणी नाही. मला वाटतं संगत. एक करतो, दुसरा पाहतो. बापाचं पाहून मुलगा." त्यांनी एक कागद उचलला. "तुमच्याही नावावर केस आहे, किसनराव. मग मुलाच्या. म्हणजे माझं म्हणणं बरोबरच निघतं."

"सर, आमच्या गावात नंबर असते," अपेक्षा बोलून गेली.

किसनरावांनी तिच्या कोपराला चिमटा घेतला, पण तोंडातून निघालेलं आता कुठं परत जातं. तिनं सगळं सांगितलं. महिन्याचा शेवट, अण्णाजींचा ओटा, गुरं राखायचा नंबर आणि नाव द्यायचा नंबर, चहा, एसटी. दारात उभे असलेले बापूराव हळूच चौकटीच्या मागं सरकले, फक्त त्यांचा एक बूट दिसत राहिला.

ठाणेदारांनी मान वळवून नकाशा पाहिला. बराच वेळ पाहिला.

"म्हणजे हे सगळं खोटं?"

"सगळं नाही सर. नावं खोटी. दारू खरी."

"मग ती कोणाची?"

आता मात्र अपेक्षाही बाबांच्या चपलांकडं पाहू लागली. नाव तर ओठावरच होतं. तिच्या जन्माच्या वेळी नाळ कापायला हीच सीताबाई आली होती, हे तिला आईनं शंभरदा सांगितलेलं.

"पाहा," ठाणेदार म्हणाले, आणि आवाज तितकाच मऊ. "गुन्हेगाराचं घर नेहमीच काहीतरी गोष्ट सांगतं. तुमची गोष्ट चांगली आहे, पण ती गोष्टच आहे. मला खरं नाव द्या, मी तुमच्या मुलाचा कागद मोकळा करतो. शनिवारी भरतीच्या कार्यालयात माझं उत्तर जायचंय. शनिवारी सकाळी या. नाव आणा, नाहीतर येऊ नका."

परतीच्या एसटीत किसनरावांनी एकच वाक्य काढलं. "तुले कोनं सांगतलं होतं नंबराचं बोलाले?"

"तुमीच तं नेलं बोलाले, बाबा."

घरी आनंदाबाईंनी ऐकलं आणि परातीतलं पीठ तसंच सोडून उभ्या राहिल्या.

"सांगून टाका सीताबाईचं. अजून काय पाह्यता? तिची भट्टी हाय, तिनं भोगावं. माह्या लेकरानं काऊन भोगावं?"

"तिनं नाळ कापली वो हिची."

"कापली तं कापली. तवा लुगडं देल्लं होतं मी तिले."

"तिले पोलिसानं नेलं तं तिच्या नातवाले कोन पाह्यन?" किसनराव म्हणाले. "अन् गाव काय म्हनन आपल्याले?"

"गाव येते का भरतीत निघाले? माह्या पोट्ट्यानं सकाळी उठू उठू पाय तोडले आपले."

"नाई," श्रावण म्हणाला. तो चुलीपाशी उकिडवा बसला होता. "तिचं नाव घ्याचं नाई."

"तू चूप बस."

"मी भरतीत जात नाई, माय. वावर करतो. पण तिचं नाव घ्याचं नाई म्हनलं ना."

असं तो कधी बोलत नसे. त्याच्या कपाळावर शीर उठली होती. अपेक्षाला भावाचा केवढा अभिमान वाटला. वर्गात पुन्हा सांगावं, पुन्हा टाळ्या वाजवायला लावाव्या, इतका.

गावाला कळायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी अण्णाजींच्या ओट्यावर माणसं जमली. अण्णाजी घाबरले होते, पण पोलीस पाटलानं घाबरलेलं दिसू नये म्हणून मोठ्यानं सुपारी कातरत होते.

"सीताबाईचं नाव गेलं तं तिच्या मागं आपले सगळ्यायचे जाते," ते म्हणाले. "साहेब म्हनन, खोट्या सह्या केल्या. सगळे आत."

"तिले बी काय हौस हाय?" कोणीतरी म्हणालं. "नवरा मेला, वावर देरानं दाबलं. काय करन ते बाई?"

"विधवा का एकटी हाय गावात? बाकीच्या नाई लावत भट्टी."

"बाकीच्यायले मोहाची पारख नाई," प्रेमदास न्हावी म्हणाला, आणि दोघं-तिघं हसले.

"तिच्यापाशी पेनारे कोन हायेत, ते बी बोला," ओट्याच्या खालून अपेक्षा म्हणाली. हसणं थांबलं. पोट्टीनं पुरुषांच्या बैठकीत बोलावं हे काही कोणाला आवडलं नाही, आणि खरं बोललेलं तर त्याहून नाही.

अण्णाजींनी अडकित्ता खाली ठेवला. "मी एक सांगतो किसनराव. राग नका मानजा. श्रावणचं नाव तं खराब झालंच. आता एक केस काय अन् बारा केसा काय. दर महिन्याले त्याचंच नाव देऊ. सीताबाई त्याले खर्चापान्याले देत जाईन. गाव सुटलं नंबरातून, अन् पोट्ट्याचं बी चाललं. नाई तरी तो आता दुसरं काय करनार हाय?"

कोणी हो म्हणालं नाही. पण माना हलल्या. एक हलली, मग दुसरी. अपेक्षा पाहत होती. काल-परवा ज्यांनी श्रावणच्या पाठीवर थाप मारून पेढे मागितले, त्याच माना. ती बाबांकडं पाहत राहिली, की आता ते उठतील, काहीतरी बोलतील. किसनराव उठले, धोतर झटकलं आणि घरी आले. वाटेत दोनदा ठेचकाळले, सपाट रस्त्यावर.

मग अपेक्षानं ठरवलं, आपणच जाऊ. सीताबाईला समजावून सांगू. ती स्वतः होऊन ठाण्यात गेली, तर कोणी तिचं नाव घेतलं असं होणार नाही. वक्तृत्वाचं बक्षीस मिळालेल्या माणसाला असं सगळंच सोपं वाटतं.

नाला कोरडा होता. पलीकडं पळसाच्या आड सीताबाई उन्हाळ्यात साठवलेली मोहाची फुलं उन्हात पसरत होती. आंबूस गोड वास, डोकं जड करणारा. हात काळे, कोपरापर्यंत भाजल्याचे डाग.

"श्रावणनं धाडलं का तुले?" तिनं मान वर न करता विचारलं.

"नाई. मी आलो."

"मंग जाय घरी."

"सीतामाय, तुमी हे काऊन करता?" अपेक्षाला ठाणेदारांचाच प्रश्न सुचला, त्यांच्याच मऊ आवाजात.

सीताबाई हसली. "मी काऊन करतो ते तुह्या भावाले विचार. त्याले समजलं हाय, पुरतं समजलं. साहेबाले माह्यं नाव सांगाचं असन तं खुशाल सांगा. मंग मले बी दोन गोठी सांगता येते." तिनं एक सडकं फूल वेचून बाजूला टाकलं. "जाय व पोरी. वास बसन तुह्या ड्रेसले."

अपेक्षा परत आली. त्या बोलण्यात काहीतरी टोचत होतं, पण काय ते तिला कळेना. तिनं कोणालाच काही सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी चौघंही निघाले. आनंदाबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि ओठ असे मिटले होते की सगळ्यांना कळलं, ही नाव सांगणार. श्रावण सारखा आईच्या मागं मागं चालत होता. किसनराव सगळ्यात पुढं.

ठाणेदार अंगणातच उभे होते, बाभळीखालच्या नळापाशी. हातात श्रावणचा कागद.

"बोला. कोणाची दारू?"

आनंदाबाईंनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी किसनराव बोलले.

"माही."

"काय?"

"दारू माही, साहेब. भट्टी माही. पोट्टा माह्या बदली आलता. लिहा माह्यं नाव."

आनंदाबाई तशाच राहिल्या, तोंड उघडं. ठाणेदारांनी किसनरावांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. वखरावर वाकलेली पाठ, बोटांच्या भेगांत काळी माती.

"तुमची. बरं. बापूराव, मुद्देमाल काढा जरा. परवाच्या छाप्यातला, दुसऱ्या गावचा."

दोन शिपायांनी आणून ठेवलं. पत्र्याचा डबा, बुड फोडलेलं मडकं, लाकडी नळी, जर्मनचं घमेलं. सगळं धुरानं काळं.

"लावून दाखवा," ठाणेदार म्हणाले. "स्वतःची भट्टी आहे ना. लावा."

किसनराव पुढं झाले. त्यांनी आयुष्यात वखर लावला होता, मोट लावली होती, सासुरवाडीचा गॅसही एकदा लावला होता. हे मात्र त्यांनी दुरूनच पाहिलेलं. त्यांनी आधी घमेलं खाली ठेवलं. त्यावर मडकं. मडकं कलंडलं. परत ठेवलं. नळी हातात घेऊन ते थांबले, जशी काही ती बासरी आहे. घाम मानेवरून सदऱ्यात उतरत होता. एक शिपाई खिदळला.

"वरून खाली लावून राह्यले मामा," दुसरा म्हणाला. "पानी खाली तापवते का?"

मडकं पुन्हा कलंडलं. किसनरावांनी ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं, लेकराला धरावं तसं, आणि तसेच उभे राहिले. अपेक्षाला आपल्या बापाकडं पाहवेना. आणि पाहवेना म्हणूनच असेल, तिच्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"सर, आता माझ्या भावालाही लावायला सांगा," ती म्हणाली. आवाज थेट स्टेजवरचा. "त्याला भट्टी लावता आली तर केस खरी. नाही आली तर खोटी. आणि आमच्या गावातली जितकी नावं तुमच्याकडं आहेत ना, त्या सगळ्यांना इथं आणा. लावू द्या. तुम्हाला मोजायचंच आहे तर असं मोजा."

ठाणेदारांचे डोळे जरा बारीक झाले. नवी कल्पना आवडलेल्या माणसाचे होतात तसे.

"ये," ते श्रावणला म्हणाले. "लाव."

श्रावण हलला नाही. अपेक्षानं त्याच्याकडं विजयी मुद्रेनं पाहिलं आणि तिला दिसलं, भावाचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं. एवढंच. सीताबाईचं बोलणं तिला आठवलं.

त्याला येत होतं.

श्रावण सामानापाशी बसला. त्यानं वडिलांच्या हातातून मडकं घेतलं. डबा ओढला. हात अवघडून चालत होते, मुद्दाम. त्यानं मडकं डब्यावर तिरपं ठेवलं, घमेलं बाजूला ठेवलं, नळी उलटी धरली. सगळं चुकीचं. अपेक्षा मनात म्हणत होती, असंच, असंच कर भाऊ. आणि मग त्याचा डावा हात, आपल्याच मनानं, नळापाशी साचलेल्या चिखलाकडं गेला आणि मूठभर ओली माती उचलली.

डब्याच्या आणि मडक्याच्या मधली फट मातीनं लिंपायची असते. वाफ निघून जाऊ नये म्हणून. ज्यानं कधी भट्टी लावली नाही, त्याला हे सुचत नाही.

श्रावणलाही त्याच क्षणी समजलं. मूठ हवेत थांबली. बोटांच्या फटीतून चिखलाचं पाणी मनगटावर उतरलं. बापूराव सगळ्यात जवळ उभे होते. बापूरावांनी इतक्या वर्षांत जितक्या भट्ट्या पाहिल्या होत्या तितक्या या तालुक्यात कोणी पाहिल्या नव्हत्या. त्यांचं काम आता सोपं होतं. तोंडातून एक शब्द निघाला असता, तर केस खरी ठरली असती, त्यांची सही खरी ठरली असती, आणि गावचा नंबर ही नुसती पोरीची बडबड.

ते ठाणेदार आणि श्रावणच्या मधे आले.

"काय बे, हात भरवले का? पुस ते," ते खेकसले आणि त्याच्या मुठीतून पडलेला चिखल बुटानं दूर सारला. मग वळून म्हणाले, "नाई येत साहेब याले. पाह्यलं ना तुमी. नळी उलटी धरली."

ठाणेदार बापूरावांकडं पाहत राहिले. श्रावणच्या हाताकडं नाही, बापूरावांकडं.

"म्हणजे तुम्ही चुकीच्या माणसाला धरलं होतं."

"हो साहेब."

"हे तुमच्या नावावर लागेल, बापूराव. प्रमोशनच्या वेळी निघेल."

"लागू द्या."

ठाणेदार आत गेले. टेबलावर लिहिल्याचा आवाज आला, मग शिक्का. बाहेर येऊन त्यांनी कागद बापूरावांच्या हातात दिला. ओळख पटवण्यात चूक झाली, असं लिहिलं होतं.

"आणि बाकीचे सर?" अपेक्षानं विचारलं. तिच्यानं राहवलंच नाही. "त्यांचीही चूकच आहे."

"बाकीचे भरतीत निघालेत का?" ठाणेदार म्हणाले. "निघतील तेव्हा पाहू. एका दिवसात सगळं गाव निर्दोष झालं, तर मी वर काय सांगू?" उघड्या दारातून तिला दिसलं, ते नकाशापाशी गेले, हिंगणधऱ्यावरची एक टाचणी उपटली आणि काही क्षण बोटांत फिरवत राहिले. ती कुठं टोचावी ते त्यांना सुचत नसावं.

फाट्यावर एसटीनं सोडलं तेव्हा उन्हं कलली होती. चौघं पायी निघाले. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, पांढराशुभ्र. आनंदाबाई पुढं चालत होत्या आणि मधेच पदरानं डोळे पुसत होत्या, त्या कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. किसनराव त्यांच्या मागं. अपेक्षा मुद्दाम मागं राहिली, श्रावणबरोबर.

"तुले येत होतं," ती हळू म्हणाली.

"हो."

"कवा शिकला?"

"उन्हाळ्यात. बूट पाह्यजे होते पळाले. अनवानी पळून पळून टाचा फुटल्या होत्या. बाबाले मांगाची हिंमत नाई झाली." त्यानं रस्त्यावरचा एक खडा पायानं उडवला. "आधी सीतामायची लाकडं फोडली. मंग तिचा हात भाजला, म्हनून भट्टी लावली. ते बाई म्हने, मानूस भट्टी काऊन लावते ते लावल्याबिगर समजत नाई."

"म्हंजे केस खरीच होती?"

"खोटीच होती. सहीच्या आदल्या दिवशीची लिहेल हाय, अन् त्या दिवशी मी बाबासंग वावरात होतो."

किसनराव पुढं चालत होते. त्यांची पाठ जराशी ताठ झाली. ऐकू गेलं असावं. पण त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, आणि पावलंही हळू केली नाहीत.

मग अपेक्षानं विचारलं, "भाऊ, तू पोलीस झाला, अन् महिना सरत आला, अन् साहेबानं तुले केस मागतली. तं?"

श्रावण चालत राहिला.

"कोनाले धरशीन?"

पुढं किसनरावांची पावलं थांबली. बिडी पेटवायला थांबल्यासारखे ते थांबले, पण काडी काही ओढली नाही.

श्रावणनं हात उघडून पाहिला. रेषांमधे चिखल सुकून बसला होता. त्यानं तो दुसऱ्या हाताच्या नखानं उकरला.

"ज्या गावात नंबर असन," तो म्हणाला, "त्या गावात जाईन, नाव मागाले."

अपेक्षाला वाटलं, तो हसेल. ती वाट पाहत त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. किसनरावांनी काडी ओढली.